अक्काची चंची आणि माझं सर्किट

सत्तरच्या दशकात सोलापुरात रेडिओ दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण झाकण उघडायच्या आधी नुसत्या खरखरीवरून बिघाड सांगणारा मी एकटाच होतो. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक सोल्डरिंग आयर्न, एक मीटर आणि भिंतीभर उघडे पडलेले ट्रान्झिस्टर. गिऱ्हाईक रेडिओ टेबलावर ठेवून "बगा की जरा, आवाज घोगरा झालाय" म्हणालं की मी कान लावायचो आणि म्हणायचो, "परवा या." परवा तो बोलता झालेला असायचा. वय सव्वीस आणि हाताला यश, मग डोकं जमिनीवर राहतं थोडंच!

घरात आम्ही तिघं होतो. आमची आई, म्हणजे अव्वा, थोरली बहीण अक्का आणि मी. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी. अक्का मला तम्मा म्हणायची; कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती आणि जवळच्याच एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. नोकरी तात्पुरती होती. दरवर्षी उन्हाळ्यात पत्र यायचं आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं नेमणूक व्हायची. असं चार वर्षं चाललं होतं. त्या वर्षी मात्र ती कायम व्हायची शक्यता होती. मार्चमध्ये तपासणीला साहेब येणार, वर्ग बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरणार, असं शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं.

अडचण एकच होती. अक्काला कमी ऐकू यायचं. लहानपणी विषमज्वरात कान गेले ते पुरते परत आले नाहीत. तिच्याकडे कानाचं यंत्र होतं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं, पोलक्याच्या आत ठेवायचं. त्यातून एक बारीक वायर वर कानापर्यंत जायची. वायर पदराखाली, कान केसांखाली. मोठ्या बाईंना ठाऊक होतं, पोरांना ठाऊक होतं, कागदावर कुठं नव्हतं. मोठ्या बाई एकदा घरी येऊन स्पष्टच बोलल्या होत्या, "साहेबांनी काही विचारलं आणि तू 'अं?' म्हणालीस, तर माझ्या हातात काही राहणार न्हाय, बाई." अव्वानं त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर देवासमोर जाऊन बसली.

त्या यंत्राला दोन बारीक पेन्सिल सेल लागायचे. ते आमच्या पेठेत मिळत नसत. गावात एका दुकानात मिळायचे, तेही असले तर. आठ-दहा दिवसांत त्यांचा जीव जायचा. जाडे सेल मात्र आमच्या घरात पायलीनं होते. लोक रेडिओ दुरुस्तीला आणायचे ते आतल्या सेलसकट, आणि जाताना नवे घालून जुने माझ्याच टेबलावर सोडून जायचे. अव्वाला टाकून देणं माहीत नव्हतं. ती ते सगळे सेल एका पत्र्यावर मांडून गच्चीत उन्हाला ठेवायची, शेजारी सांडगे आणि मिरच्या. उन्हानं सेल पुन्हा भरतो यावर आमच्या गल्लीत कुणाचं दुमत नव्हतं. आणि सोलापूरचं ऊन! त्यानं माणूस वाळतो, तिथं सेल न भरायला काय झालं?

शिवाय घरात एक नियम होता. नवा सेल आधी बॅटरीत घालायचा, कारण उजेड कमी झालेला लगेच कळतो. बॅटरी पिवळी पडली की तेच सेल काढून रेडिओत. रेडिओ कुजबुजायला लागला की गच्चीवर. जुन्यात जीव आहे तोवर नव्याचा कागद फोडायचा नाही. हा नियम अव्वाचा होता, पण पाळायचो सगळे, आणि मी तर त्याला शास्त्र समजत होतो.

दिवाळीनंतर एके दिवशी अक्काचे पेन्सिल सेल संपले आणि त्या एका दुकानातही मिळाले नाहीत. चार दिवस ती शाळेत निम्मं ऐकून, निम्मं ओळखून शिकवत होती. मला ते बघवेना. गच्चीवर तीस-चाळीस जाडे सेल ऊन खात पडलेत आणि माझी बहीण ऐकण्यावाचून? मी मनाशी म्हणालो, आता याचा सोक्षमोक्ष लावतोच.

गोष्ट साधी होती. यंत्राला तीन व्होल्ट हवेत. थकलेला जाडा सेल देतो जेमतेम एक. तीन-चार सेल एकापुढं एक जोडले तर काम भागेल, पण एवढं वजन कमरेला बांधून बाई शाळेत जाणार कशी! मग एकाच सेलचा दाब, म्हणजे व्होल्ट, वाढवायचा. त्यासाठी एक जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर घेतला, कारण तो अगदी कमी दाबावरही काम करतो. जुन्या रेडिओच्या एरियलमधल्या काळ्या फेराइटच्या कांडीचा तुकडा घेतला आणि त्यावर बारीक तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, दर वेळी तारेत साठलेली ताकद उसळून बाहेर येते, आणि ती उसळी सेलच्या दाबापेक्षा कितीतरी उंच असते. पुढं एक डायोड आणि एक कपॅसिटर लावून ती उसळी सपाट केली. तीन व्होल्टांवर गेलं की ट्रान्झिस्टरला आवरणारा आणखी एक डायोड लावला, म्हणजे यंत्राला कायम तीनच मिळतील.

पहिल्या दिवशी अक्का यंत्र कानाला लावून म्हणाली, "तम्मा, ह्याच्यात रातकिडा बसलाय." सर्किटची शिट्टी यंत्रात शिरत होती. आणखी एक कपॅसिटर घातला, सगळं पत्र्याच्या डबीत बंद केलं, रातकिडा गेला. डबी आणि सेल ठेवायला अव्वानं तिची पानाची जुनी चंची दिली. चंचीला कप्पे असतात, एकात सेल बसला, एकात डबी, आणि चुना ठेवायच्या छोट्या कप्प्यात वायरीची गुंडाळी. चंची अक्काच्या कमरेला खोचलेली, वरून पदर. कुणालाही वाटावं, बाई पान खातात.

आणि ते चाललं! जो सेल रेडिओला नको, बॅटरीला नको, त्यावर अक्का तीन दिवस खणखणीत ऐकायची. मी गल्लीत सांगत सुटलो. "मेलेल्या सेलला बोलतं करतो," म्हणायचो. एक शेजारी म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याला पण लाव की एखादं." मी हसलो, पण मनात खरंच विचार करत होतो की आणखी कशाकशाला लावता येईल.

आता खरं सांगायचं तर ते सर्किट काय करत होतं ते मला पुरतं समजलेलं नव्हतं. बांधता येणं आणि समजणं यात फरक असतो, आणि सव्विसाव्या वर्षी तो दिसत नाही. दाब फुकट वाढत नाही. यंत्राला जेवढी ताकद लागते तेवढी सेलकडूनच येते, वर सर्किटचा आपला वाटा, जो निव्वळ उष्णता होऊन जातो. माझ्या डबीत तिसरा हिस्सा तरी असाच जात असणार. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की माझी डबी तीन व्होल्टांचा हट्ट सोडत नव्हती. म्हणजे सेल जसजसा थकेल तसतशी ती त्याच्याकडून जास्त प्रवाह ओढायची. साधं यंत्र थेट सेलवर असलं तर सेल थकला की यंत्रही कमी खातं, आवाज उतरतो, दोघं मिळून हळूहळू खाली येतात. माझी डबी मात्र चढावर धापा टाकणाऱ्या बैलाला आणखी आर टोचायची. शेवटपर्यंत आवाज खणखणीत, आणि मग एका क्षणात काहीच नाही. टाकाऊ सेलमधलं उरलंसुरलं निघत होतं हे खरं, पण त्याचा शेवट कधी हे कुणालाच कळत नव्हतं.

तीन महिन्यांत दोनदा ती डबी अशी एकदम गप्प झाली होती. दोन्ही वेळा अक्का घरी होती. एकदा भाकरी थापताना आणि एकदा अव्वाशी बोलता बोलता. मी ते हसण्यावारी नेलं. सेल बदलला, पुन्हा सुरू. मग सोमवारी आणि गुरुवारी नवा, म्हणजे गच्चीवरचा, सेल घालायचा असा क्रम ठरवून दिला आणि मला वाटलं, प्रश्न मिटला.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्का दुकानात आली. तिच्या हातात एक कोरा जाडा सेल होता, कागदसुद्धा न फोडलेला. म्हणाली, "उद्या हा घालून जाते."

मी म्हणालो, "कशाला? उगंच नवा सेल फोडायचा. थांब, तुला एक चांगला काढून देतो."

"उद्याचा दिवस हाय, तम्मा."

"म्हणून तर म्हणतो. माझ्यावर विश्वास न्हाय का?"

हे मी विचारायला नको होतं. कारण ती काय बोलणार? ती नवा सेल टेबलावर ठेवून उभी राहिली आणि मी गच्चीवर गेलो. दुपारचे तीन, मार्चचं ऊन, पत्रा हात लावू देईना. मी एकेक सेल मीटरवर लावून बघितला आणि एक निवडला. काटा सव्वा व्होल्टच्या वर गेला होता. "बग," मी खाली येऊन तिला दाखवलं, "हा हाय पैलवान." अक्कानं काटा बघितला, मान हलवली आणि तो सेल चंचीत घातला. नवा सेल मी अव्वाच्या बॅटरीत घातला, नियमाप्रमाणं.

तो पैलवान कसा होता ते कुठल्याही शिकाऊ मेकॅनिकनं सांगितलं असतं. सेल मोजताना त्याच्यावर ओझं टाकायचं असतं, एखादा छोटा बल्ब जोडायचा आणि मग काटा बघायचा. नुसता मीटर लावला तर दोन आठवडे विश्रांती घेतलेला आणि उन्हानं तापलेला मरतुकडा सेलही छाती काढून उभा राहतो. ऊन सेलला भरत नाही. विश्रांतीनं आणि उबेनं त्याला घटकाभर तरतरी येते, आणि उन्हानं आतला ओलावा आटून उरलेलं आयुष्यही कमी होतं. गिऱ्हाइकाचा सेल मी नेहमी बल्ब लावूनच तपासायचो. घरचा मात्र तपासला नाही. घाई नव्हती, बल्ब समोर पडलेला होता. मला फक्त अक्कासमोर काटा वर गेलेला दाखवायचा होता.

पुढचं मला तिच्याकडून आणि नंतर मोठ्या बाईंकडून कळलं ते असं. साहेब साडेअकराला वर्गात आले आणि मागच्या बाकावर बसले. जाड भिंगांचा चष्मा आणि ओठ झाकणाऱ्या भरघोस मिशा. अक्कानं अपूर्णांक शिकवायला घेतले होते. एक भाकरी, चार भाऊ, अशा पद्धतीनं. पोरं खुशीत होती. अर्धा तास सगळं छान चाललं. मग ती फळ्याकडं वळून उदाहरण लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता खडूचा आवाज थांबला. खडू चालत होता, पांढरी रेघ उमटत होती, आवाज नव्हता.

तिनं मला सांगितलं, "आधी वाटलं खडूच गुळगुळीत हाय. मग कळलं."

ती वळली तेव्हा साहेब उभे होते आणि मिशा हलत होत्या. पोरं तिच्याकडं बघत होती, म्हणजे प्रश्न तिलाच होता. साध्या यंत्रावर ती असती तर दोन दिवस आधीच आवाज उतरला असता, तिनं बाकांच्या मधून फिरत शिकवलं असतं, साहेबांना पुढं बसवलं असतं, काहीतरी तजवीज केली असती. आता ती फळ्याजवळ होती, साहेब वर्गाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये बेचाळीस पोरं. तिनं पदराखाली हात घालून चंची हलवून बघितली. काही नाही.

मला विचाराल तर त्या जागी मी काहीतरी थाप मारली असती. चक्कर आली, पाणी हवं, काहीही. अक्का सरळ बाकांमधून चालत साहेबांपर्यंत गेली, त्यांच्यापुढं खडू धरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, मला कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, ते आत्ता बंद पडलंय. तुमचा प्रश्न फळ्यावर लिहा, मी उत्तर देते."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. साहेब खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि त्यांनी लिहिलं, 'वर्गात सर्वांत कच्ची मुलं कोणती? त्यांच्यासाठी काय करता?' अक्कानं पाच पोरांना पाट्या घेऊन उभं केलं आणि प्रत्येकाचं कुठं अडतं, जूनमध्ये काय येत नव्हतं, आता काय येतं, हे पाट्या दाखवत सांगितलं. साहेबांनी दुसरा प्रश्न लिहिला. मग तिसरा. तास संपल्याची घंटा झाली ती अक्काला सोडून सगळ्यांना ऐकू आली, पण एकही पोरगं उठलं नाही.

साहेबांनी शेरा लिहिला की बाईंना ऐकू कमी येते, वैद्यकीय दाखला घ्यावा, वर्गाची तयारी उत्तम. दाखल्यासाठी पुढं बऱ्याच खेपा झाल्या आणि जूनच्या आत अक्काच्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं. पण हे त्या संध्याकाळी आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी एवढंच माहीत होतं की जे चार वर्षं झाकून ठेवलं होतं ते कागदावर चढलं.

ती घरी आली तेव्हा मी दुकानातच होतो. तिनं चंची कमरेतून काढून टेबलावर ठेवली. मी तिच्या डोळ्यांसमोर येऊन हात हलवून पहिला प्रश्न काय विचारला असेल? तपासणी कशी झाली, हा नाही. "किती वेळ चाललं?" असं मी विचारलं. लाज वाटते, पण हेच विचारलं.

तिनं ओठ वाचले. "बारापर्यंत," ती म्हणाली आणि मग झालेलं सगळं सांगितलं, शांतपणे, एकही शब्द न वाढवता. अव्वा उंबऱ्यात येऊन ऐकत होती. मी मध्येच ओरडून, खुणा करून सांगायला लागलो की सेल चांगला होता, काटा तूच बघितलास, सर्किटमध्ये कुठं काही... ती मला थांबवत म्हणाली, "सर्किट चांगलं हाय. पण मला नको."

"अगं, मी त्यात सुधारणा करतो. आधी इशारा देईल असं करतो."

ती खुर्चीवर बसली. मला समोरच्या स्टुलावर बसायची खूण केली, माझं तोंड उजेडात येईल असं. मग म्हणाली, "तम्मा, दोन वर्षांपूर्वी यंत्राच्या आवाजाची चकती दोनावर ठेवायची मी. आता सहावर ठेवते. नव्या सेलवरसुद्धा. डॉक्टरांनी सांगितलंय, हे असंच जाणार. एक दिवस चकती संपेल."

हे अव्वालाही माहीत नव्हतं. तिनं उंबऱ्यावरच बसकण मारली.

"पेन्सिल सेल उतरायला लागले की शेवटचे दोन दिवस मी मुद्दाम नवे घालायची न्हाय," अक्का म्हणाली. "तेवढ्या दोन दिवसांत बघायची, नुसत्या डोळ्यांनी वर्ग किती चालवता येतोय. दर वेळेला थोडा जास्त यायचा. आज मी साहेबांना फळ्यावर लिहा म्हटलं ना, ते त्यातलंच. तुझी डबी आली आणि तीन महिने मला सगळं खणखणीत ऐकू आलं. सराव मोडला. मला एकदम बंद पडायचं न्हाय, तम्मा. हळूहळू पडू दे."

मी, जो पेठेतल्या प्रत्येक रेडिओचा आजार कानानं ओळखायचो, त्याला स्वतःच्या घरातला हा आवाज उतरताना दोन वर्षं ऐकू आला नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला.

"आवाज काढू नको. नुसते ओठ हलव. आता तुझ्याबरोबर सराव करू."

मी ओठ हलवले. चुकलं माझं, म्हणालो.

अक्कानं क्षणभरही वेळ लावला नाही. "हे सोपं होतं," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बोल."